नॉमिनी होता, मृत्युपत्र नव्हतं: एका वकीलबाईंच्या सेवेबद्दल

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत माझ्याकडे काय काय आहे हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्यावाचून कोणाचं अडेल?"

मी म्हटलं, "आईचं."

"आणि तुम्ही आज गेलात तर आईंना काय मिळेल असं तुम्हाला वाटतं?"

"सगळं. सगळीकडे तिलाच नॉमिनी लावलंय."

त्यांनी वही जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मग आपल्याला वेळ लागेल. बसा."

गेल्या चार महिन्यांत या बाईंकडून मी माझं मृत्युपत्र करून घेतलं. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि माझ्या लिहिण्याचा त्यांना त्रास व्हायला नको. पण अशी सेवा घ्यायला जाताना काय बघावं, काय विचारावं आणि मुख्य म्हणजे कधी जावं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं वय सत्तेचाळीस. एका खासगी कंपनीत हिशोबाचं काम करते. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. आम्हाला मूलबाळ नाही. त्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली, ती आता चौऱ्याहत्तरची आहे. सासूबाई धाकट्या दिरांकडे असतात. माझं सासर चांगलं आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचताना कोणाला भलतं वाटू नये.

मृत्युपत्र करायचं डोक्यात आलं ते मामांमुळे. मामांना पक्षाघाताचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच त्यांचं मृत्युपत्र झालं. कागदावर अंगठा आहे. सही करता येणाऱ्या माणसाचा अंगठा! त्याच महिन्यात पेन्शनच्या कागदावर त्यांनी थरथरत्या हाताने का होईना, सही केली होती. साक्षीदार दोन्ही थोरल्या मामेभावाचे मित्र. मामा गेल्यावर धाकट्याने दावा लावला आणि तो अजून चालू आहे. कोण खरं, कोण खोटं मला माहीत नाही. मामांना खरंच तसंच द्यायचं असेलही. पण ते सांगायला मामा नाहीत, आणि त्या दोन भावांचं एकमेकांच्या घरी जाणं बंद झालंय.

ते बघून मी आधी एका संकेतस्थळावर मृत्युपत्र तयार केलं. नाव, पत्ता, मालमत्ता, कोणाला द्यायची, एवढं भरलं की दहा मिनिटांत पीडीएफ हातात. इंग्रजीत, सात पानं. 'माझी सर्व मालमत्ता माझ्या आईला' असा त्याचा सारांश. मी छापून घेतलं, पण सही करायचा धीर होईना, कारण त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने या वकीलबाईंचं नाव सुचवलं आणि मी ती सात पानं घेऊनच त्यांच्याकडे गेले.

त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "कागदात चूक काही नाही. पण यात घर तुमचं आहे असं धरलंय. ते तुमचं आहे का?"

आमचं घर यजमानांच्या आणि माझ्या जोडनावावर घेतलेलं, निम्मं निम्मं. ते गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर एकटीचं माझं नाव चढवलं, कारण मी नॉमिनी होते. त्या दिवसापासून घर माझं, असं मी समजत होते. वकीलबाईंनी विचारलं, "यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या?" मी म्हटलं, अजूनही आहेत. त्यांनी वहीत एक चौकोन काढला, मधोमध रेघ मारली, मग उजव्या अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग केले आणि खालच्या कोपऱ्यात 'सासूबाई' असं लिहिलं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गातल्या वारसांना जाते. त्यात बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळे येतात. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे यजमानांच्या निम्म्या हिश्श्यातला अर्धा माझा, अर्धा सासूबाईंचा. सहा वर्षं मी ज्या घराचा मेंटेनन्स आणि घरपट्टी एकटी भरत होते, त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या मालकीण सासूबाई आहेत. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

पुढचं ऐकून मात्र मला बसल्या जागी घाम फुटला. माझ्यासारखी बाई, म्हणजे जिला मूल नाही आणि नवरा हयात नाही, ती मृत्युपत्राविना गेली तर तिच्या मालमत्तेचं काय होतं? त्याच कायद्याचं कलम १५. आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. आणि त्यांच्यानंतर, तिसऱ्या क्रमांकावर, तिचे स्वतःचे आईवडील. माहेरून वारसाने आलेलं काही असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे जातं, तेवढा अपवाद आहे. पण मी चोवीस वर्षं नोकरी करून साठवलेला पैसा? तो नवऱ्याच्या वारसांचा. म्हणजे आज सासूबाईंचा, त्या नसतील तर पुढे दिरांचा. माझ्या घरात राहणारी, माझ्यावर अवलंबून असलेली माझी जन्मदाती आई त्या रांगेत या सगळ्यांच्या मागे.

"पण ती नॉमिनी आहे ना," मी पुन्हा म्हटलं. मला ते सोडवत नव्हतं.

नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. बँक आईच्या हातात पैसे देईल, पण ते वारसांसाठी सांभाळायचे, अशी ती जबाबदारी. शेअर्सच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा स्पष्ट केली. आयुर्विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तिथे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. म्हणजे माझ्या सगळ्या कागदांपैकी फक्त विम्याची पॉलिसी मला हवं तसं करणार होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. ही सोय चांगली आहे, पण चार काय, चाळीस लावले तरी मालकीचा प्रश्न जिथल्या तिथेच राहणार.

हे कलम मला अन्यायाचं वाटतं. बाईने कमावलेल्या पैशावर तिच्या आईच्या आधी सासरचा हक्क का, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. पण ते बदलेल तेव्हा बदलेल. तोवर माझ्यासारख्या प्रत्येक बाईच्या हातात एक कागद आहे, आणि तो तिने करायला हवा.

त्या दिवशी निघताना मी विचारलं, "हे कधी करायला हवं होतं?" मला वाटलं, त्या वय सांगतील. पन्नाशी, साठी असं काहीतरी. त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी कायदा काय करील आणि तुम्हाला काय हवंय यांत फरक पडला, त्या दिवशी."

घरी येताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. माझा तो दिवस सहा वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. यजमान गेले, आई घरी आली, आणि कायद्याची वाट एकीकडे आणि माझी इच्छा दुसरीकडे झाली. आणि यजमानांचा तो दिवस? तो तर त्याच्याही आधीचा. घराचा करारनामा केला त्या दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही दोघांनी चाळीसेक पानांवर सह्या केल्या होत्या. एकेचाळिसावं पान करायचं आम्हाला कोणी सुचवलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

वकीलबाईंकडे येणारे बहुतेक जण उशिरा येतात, असं त्या सांगत होत्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी येतात. मुलांची भांडणं सुरू झाल्यावर येतात. काही वेळा थेट अतिदक्षता विभागातून फोन येतो, तोही पेशंटचा नाही, नातेवाइकाचा. तशा फोनला त्या सरळ नाही म्हणतात. मृत्युपत्र करणारा सज्ञान आणि शुद्धीत हवा, एवढीच कायद्याची अट आहे. पण शुद्धीत होता हे पुढे सिद्ध करायची वेळ येते तेव्हा तो माणूस नसतो. थरथरती सही, आजारी माणूस, ज्याला मोठा वाटा मिळाला त्यानेच कागद करण्यात घेतलेला पुढाकार, या शंकास्पद बाबी मानल्या जातात आणि त्या दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय. मला मामांचा अंगठा आठवला.

उलट काही जणांनी तिशीतच यायला हवं असतं. लहान मूल असलेले आईबाप, कारण मृत्युपत्रात मुलासाठी पालक नेमता येतो. ज्यांच्या घरात दिव्यांग भाऊ किंवा बहीण आहे ते. दुसरं लग्न केलेले. घटस्फोटाचं प्रकरण चालू असलेले, कारण हुकूमनामा होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती बायकोच असते आणि तो नवराच. लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी, ज्यांना वारसा कायदा ओळखतच नाही. आणि अविवाहित माणसं, ज्यांना वाटतं की आपल्यामागे आहे कोण. मला यातलं सगळ्यात पटलं ते शेवटचं. मागे कोणी नसलेल्याच्या मालमत्तेवरच सगळ्यात जास्त लोक येऊन उभे राहतात.

आता सेवेबद्दल. बाईंनी घरी भरायला एक प्रश्नावली दिली, मराठीत, सहा पानी. धर्म कोणता आणि लग्न कोणत्या कायद्याखाली नोंदवलं इथपासून सुरुवात, कारण वारसाचे नियम त्यावर ठरतात. प्रत्येक मालमत्तेपुढे तीन रकाने: कोणाच्या नावावर आहे, पैसे कुठून आले, मूळ कागद कुठे आहे. हा दुसरा रकाना भरताना मला दोन रविवार लागले. स्वकष्टार्जित काय आणि वारसाने आलेलं काय हे वेगळं काढताना एक जुनं टपाल खातं सापडलं, जे मी विसरूनच गेले होते. मृत्युपत्र झालं नसतं तरी एवढ्या कामाचा फायदा झालाच असता.

दुसऱ्या भेटीत त्यांनी प्रश्न विचारले, आणि इथे त्यांचं काम मला खरं आवडलं. "घर आईंना द्यायचंय. आई तुमच्याआधी गेल्या तर?" मी याचा विचारच केला नव्हता. ज्याला द्यायचं तोच आधी गेला आणि पुढचं नाव लिहिलेलं नसलं, तर ती देणगी गळून पडते. "तुमच्यामागे आई या घराचं काय करतील? विकतील? विकायला त्यांना कोण मदत करेल? त्यांना मालकी हवी आहे की छप्पर?" या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते.

छप्परच हवं होतं. शेवटी आम्ही असं लिहिलं: घरातल्या माझ्या हिश्श्यात आईला हयातभर राहण्याचा हक्क, तिला कोणी बाहेर काढायचं नाही. तिच्यानंतर तो हिस्सा माझी भाची आणि माझी पुतणी, म्हणजे दिरांची मुलगी, यांना समसमान. आई आधीच गेली तर थेट त्या दोघींना. मेंटेनन्स आणि घरपट्टी कोणत्या ठेवीच्या व्याजातून भरायची तेही लिहिलं. "राहू दे म्हणणं सोपं असतं," बाई म्हणाल्या, "पण बिल कोण भरणार हे लिहिलं नाही, तर सहा महिन्यांत कुरबुर सुरू होते." बाकीचा पैसा आईला. आणि शेवटी एक कलम, की यात नमूद न केलेलं आणि यापुढे मिळणारं जे काही असेल त्याचं काय करायचं. त्या टपाल खात्यासारख्या गोष्टी त्यात बसतात.

एक्झिक्युटर, म्हणजे माझ्यामागे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस, म्हणून मी मेहुण्यांचं नाव सुचवलं होतं. बाईंनी त्यांचं वय विचारलं. एकोणसाठ. "तुमच्यापेक्षा लहान कोणी बघा. आणि आधी विचारा." मी भाचीला विचारलं. ती सव्वीस वर्षांची आहे. फोनवर थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मावशी, मी करीन, पण मला सगळं नीट समजावून सांग." ते मी एका शनिवारी सगळे कागद पसरून केलं.

आणि सासूबाई. त्यांच्या चौथ्या हिश्श्याबद्दल त्यांना सांगायचं की नाही, हे बाईंनी माझ्यावर सोडलं होतं. एवढंच सांगितलं, की तुमच्या मृत्युपत्रात तुम्ही फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता. सगळं घर लिहिलंत तर तेवढा भाग नुसती शाई. त्यांना तो हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि तो निर्णय सर्वस्वी त्यांचा.

मी गेले आणि सांगितलं. दीर आणि जाऊबाईही समोर होते. वहीतला तो चौकोन मी कागदावर उतरवून नेला होता, तो दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, बोट ठेवलं त्या कोपऱ्यावर. म्हणाल्या, "हे माझ्या मुलाचं?" मी म्हटलं, हो, त्यांच्याकडून तुमच्याकडे आलेलं. त्या म्हणाल्या, "घराचा तुकडा घेऊन मी काय करू? पण तू सांगायला आलीस ते बरं केलंस. मला मागाहून कळलं असतं तर लागलं असतं मनाला." हक्कसोडपत्र अजून झालेलं नाही. त्यांना विचार करू दे, घाई नाही, असं मी दिरांना सांगितलंय. मृत्युपत्रात माझा हिस्सा तीन चतुर्थांश असाच लिहिला आहे, आणि पुढे त्यांनी सोडला तर वाढलेला हिस्साही त्यात येईल असं वाक्य आहे.

तक्रारीही आहेत. मसुदा दहा दिवसांत देतो म्हणाले, पाचवा आठवडा उजाडला. तीनदा फोन करावा लागला, आणि फोन दर वेळी कार्यालयातल्या मदतनीस मुलाने उचलला, ज्याला माझं प्रकरण माहीत नव्हतं. पहिल्या मसुद्यात आईचं नाव चुकलेलं. आधारवर एक आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं आहे, ते मी प्रश्नावलीत लिहिलं होतं तरी. आणि सगळ्यात खटकलेली गोष्ट: एकदा गेले तर माझ्या मसुद्याची प्रत बाहेर झेरॉक्स मशीनपाशी उघडी पडलेली, शेजारी दुसरे अशील बसलेले. मृत्युपत्र हयातीत गुप्त राहायला हवं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी तिथल्या तिथे बोलले. बाईंनी क्षमा मागितली, प्रत माझ्यासमोर फाडली, आणि पुढच्या भेटीपासून कागद बंद फाइलमध्येच दिसले. तरी हे व्हायला नको होतं.

पहिल्या मसुद्याची भाषाही मला झेपली नाही. अर्ध्या पानाचं एकेक वाक्य. मी म्हटलं, हे मला मोठ्याने वाचून समजत नाही, तर माझ्यामागे आईला काय समजणार. त्यांनी वाद घातला नाही. दुसरा मसुदा छोट्या वाक्यांत आला. मृत्युपत्राला ठरावीक नमुना किंवा ठरावीक भाषा कायद्याने लागत नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलंही चालतं. हे माहीत असलं की अशी मागणी करायचा धीर येतो. फी पहिल्याच भेटीत लिहून दिली होती आणि दुरुस्त्यांसाठी ती वाढली नाही, हेही नोंदवते.

सहीचा दिवस मात्र त्यांनी फार नीट सांभाळला. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. मी शेजारच्या एक बाई आणि ऑफिसातला एक सहकारी अशा दोघांना नेलं, दोघं माझ्याहून लहान, दोघांना मृत्युपत्रातून काही मिळणारं नाही. साक्षीदारांना आत काय लिहिलंय ते वाचायची गरज नसते, त्यांनी मला सही करताना बघायचं असतं. सहकारी सवयीने मोबाइल बघत होता. बाई त्याला म्हणाल्या, "फोन ठेवा. उद्या न्यायालयात तुम्हाला विचारतील, सही करताना पाहिलंत का. त्यांच्या हाताकडे बघा." तो ओशाळला आणि नंतर प्रत्येक पानाला खरोखर माझ्या हाताकडे बघत राहिला. पॅन कार्डावर आहे तशीच सही करायची, ऑफिसात करते तशी झरझर नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. नऊ पानं, प्रत्येकाच्या तळाशी. सहाव्या पानावर सदनिकेच्या क्रमांकात एक आकडा जुना राहिलेला मला दिसला. मदतनीस पेनाने दुरुस्त करायला निघाला. कायद्याने ते चालतं, दुरुस्तीपाशी माझ्या आणि साक्षीदारांच्या सह्या असल्या की झालं. पण बाईंनी ते पान फाडून नवीन छापायला लावलं. खाडाखोडीवर पुढे कोणीतरी बोट ठेवतं, म्हणाल्या.

नोंदणी सक्तीची नाही, आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही. मी नोंदणी करून घेतली, मामांकडचं बघितलं होतं म्हणून. फोटो, अंगठा, साक्षीदारांची ओळख, तासाभराचं काम. पण नोंदणी केली म्हणजे ते मृत्युपत्र खरं ठरलं असं नसतं, आणि नंतर केलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करू शकतं. शेवटचं तेच खरं. मी उद्या बदलू शकते, परवा पुन्हा बदलू शकते. हे कळल्यावर माझा एक मोठा भार उतरला, कारण मला आतून वाटत होतं की सही केली म्हणजे घर हातचं गेलं. काहीही जात नाही. मी असेपर्यंत माझा हिस्सा माझाच, विकायचा तर विकूही शकते.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार होते. लॉकर कोणाच्या नावावर, असं बाईंनी विचारलं. माझ्या एकटीच्या. म्हणजे तो उघडायलाच माझ्यामागे कागदपत्रं लागणार, आणि मृत्युपत्र आत. आता ती घरात कपाटात आहे आणि भाचीला जागा माहीत आहे. पासवर्ड वगैरे मृत्युपत्रात लिहायचे नाहीत, त्यांची वेगळी चिठ्ठी. उपचार थांबवण्याबद्दलची इच्छा, म्हणजे लिव्हिंग विल, याबद्दलही मी विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, पण तो स्वतंत्र कागद आहे, यात मिसळायचा नाही. तो मी अजून केलेला नाही.

कोणाला ही सेवा सुचवेन? ज्यांचं सगळं सरळ आहे, एक घर, एक जोडीदार, वाद नाही, त्यांना साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर स्वतः लिहूनही भागेल, आणि अजिबात नसण्यापेक्षा ते शतपटीने बरं. पण घर जोडनावावर असेल, जोडीदार गेलेला असेल, मूल नसेल, किंवा कोणीतरी तुमच्यावर अवलंबून असेल, तर समोर बसून उलटे प्रश्न विचारणारं माणूस हवं. ज्या संकेतस्थळाने मला दहा मिनिटांत सात पानं दिली, त्याने 'सासूबाई हयात होत्या का' हे विचारलं नाही. वकील निवडताना मी एवढंच बघेन, की ते पहिल्या भेटीत लिहायला घेतात की विचारायला. पाचपैकी चार तारे. एक त्या झेरॉक्स मशीनपाशी पडलेल्या प्रतीसाठी आणि पाच आठवड्यांसाठी कापला आहे.

एक राहिलं. दुसऱ्या भेटीच्या शेवटी बाई म्हणाल्या होत्या, "तुमचं महिनाभर उशिरा झालं तरी चालेल. आईंचं आधी करा." आईच्या नावावर थोड्या ठेवी आहेत, आणि बाबांचं गावचं घर अजून बाबांच्याच नावावर आहे. अलीकडे ती एखादी गोष्ट दोनदा विचारते. मागच्या महिन्यात विजेचं बिल दोनदा भरून आली. डॉक्टरांनी तपासून वयाचं आहे, काळजीचं नाही असं सांगितलं. पण बाईंनी ते ऐकून दिनदर्शिका उघडली.

मी आईला घेऊन गेले. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी मुलगी असले तरी, किंबहुना मुलगी आहे म्हणूनच. चाळीस मिनिटं आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, मध्ये एकदा ती हसली. बाहेर आली तेव्हा हातात प्रश्नावलीची घडी होती आणि चेहरा मोकळा. काय सांगितलंस हे मी विचारलं नाही. सहीसाठी पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे, डॉक्टर त्याच दिवशी तपासून दाखला देणार आहेत. सकाळी दहाची वेळ मी मुद्दाम मागून घेतली. सकाळी आई सगळ्यात ताजीतवानी असते.